एकोणऐंशी एकोणसाठ

घरातला फोन मुका झाला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते त्या रविवारी सकाळी, आई निघून गेल्यावर.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुशीलाबाई. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. माहेर धायरीचं, धायरी खेडं होतं तेव्हाचं. सासर हे, नारायण पेठेतलं. गेल्या दीड-दोन वर्षांत त्यांची आठवण विस्कटत गेली आहे. मुलाला ओळखतात, नातवाला लहर आली तर ओळखतात आणि मला अजिबात ओळखत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून ज्यांच्याशी एका ओट्यापाशी भांडले, त्या मला आता ‘अहो बाई’ म्हणतात. ‘अहो बाई, चहा मिळेल का?’ मी मनाला लावून घेत नाही, असं सगळ्यांना सांगते. घेते.

त्या सकाळी मी त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोहे वाढायला आत गेले. पोह्यांवर खोबरं भुरभुरून बाहेर येते तो खुर्ची रिकामी आणि दार सताड उघडं. खुंटीवर त्यांची पिशवी तशीच होती आणि पिशवीत आमचे मोबाइल नंबर लिहिलेलं कार्डही तसंच होतं. म्हणजे अंगात इन्सुलिन, पोटात अन्नाचा कण नाही, आणि ही बाई कुणाची कोण हे सांगणारं जवळ काही नाही. असं झालं की रक्तातली साखर उतरत जाते, घाम फुटतो, बोलणं अडखळतं आणि मग माणूस आडवा होतो. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट घोकून घ्यायला लावलं होतं.

हे, म्हणजे माझे यजमान इंद्रजीत, स्कूटर काढून मंडईकडे धावले, कारण आईंचे पाय सवयीनं मंडईकडे वळतात. मुलगा अभिनव आजूबाजूचे बोळ पालथे घालून आला. धायरीला आईंचा भाचा संपत राहतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “आत्या हिकडं न्हाई आली वहिनी. पण थांबा, मी फाट्यापर्यंत बघून येतो.”

आणि मी हॉलमध्ये फतकल मारून बसले आणि कोपऱ्यातला काळा फोन मांडीवर ओढला.

“मम्मी, सीरियसली?” अभिनव दारातूनच ओरडला. “आजी मिसिंग आहे आणि तू फोन काय घेऊन बसलीस?”

“तुझ्या आजीला आख्ख्या जगातला एकच नंबर पाठ आहे,” मी म्हटलं. “तुझा नाही, माझा नाही, तुझ्या बाबांचाही नाही. हा. आता लाव बरं तुझ्या मोबाइलवरून.”

त्यानं लावला. त्याच्या कानाशी रिंग जात होती आणि माझ्या मांडीवरचा फोन ढिम्म होता. मी रिसीव्हर उचलला, तर त्याचा “हॅलो” मला स्वच्छ ऐकू आला. म्हणजे लाइन जिवंत होती, बोलणं होत होतं, फक्त घंटी मेली होती. कधी मेली कोण जाणे. या फोनवर फोन यायचा तो फक्त आईंच्या मैत्रिणीचा, विजयमालाबाईंचा, आणि त्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यानंतर तो वाजला नाही आणि तो का वाजत नाही हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

हा फोन सासऱ्यांनी घेतलेला. जड, काळा, बोटानं चकती फिरवायचा. सासरे, बद्रीनाथराव, यांचा एक कडक नियम होता. फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायचं नाही. “हॅलो काय हॅलो? समोरच्याला कळायला नको का, कुठं लागलाय ते? नंबर सांगा.” पेठेत सगळ्यांचे पहिले आकडे सारखेच, म्हणून शेवटचे चार सांगायचे. एकोणऐंशी एकोणसाठ. लग्न होऊन आल्यावर उखाण्याआधी मला हे शिकवलं गेलं. आई आजही नाव विसरतात, वार विसरतात, पण कुणी “आजी, घर कुठं?” विचारलं की आधी नंबर सांगतात. रस्त्यात भेटलेल्या कुणीही भल्या माणसानं विचारलं असतं, तर त्यांनी तोच सांगितला असता. आणि तो भला माणूस नंबर लावून लावून थकला असता.

“कॉल फॉरवर्ड करू ना,” अभिनव म्हणाला. “लँडलाइनवरचा कॉल माझ्या मोबाइलवर.”

“कर.”

“त्यासाठी या फोनवरून स्टार दाबायचं...” तो चकतीकडे बघून गप्प झाला. चकतीवर एक ते शून्य. स्टार कुठून आणणार? शिवाय इंटरनेटची नवी लाइन घेतली तेव्हापासून फोनची तार तिच्या डब्यात, मोडेममध्ये, गेली आणि डब्याला चकतीची भाषाच कळत नाही. फोन येतो, पण करता येत नाही. मग त्यानं अ‍ॅप उघडलं. कनेक्शन अजून सासऱ्यांच्या नावावर. ओटीपी गेला सासऱ्यांच्या मोबाइलवर, तो नंबर बंद होऊन चार वर्षं झाली. सासरे असते तर म्हणाले असते, करा अजून आळस.

“मग नवीन फोन घेऊन येतो!”

“रविवार आहे. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांना कुलपं. बघ बाबा, कुणाच्या माळ्यावर जुना बटणांचा फोन पडला असेल तर.”

तो जिन्यानं खाली-वर धावला. पूर्वी आमच्या इमारतीत दर मजल्यावर फोन खणखणायचे. आता वरच्यांनी भंगारात दिलेला आणि खालच्यांनी नातवाला खेळायला दिलेला, त्याची वायरच गायब.

मी तोवर फोन पालथा करून खालचे दोन स्क्रू काढले होते. मी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण फोन शिकवला नाही. तरी मोडकी वस्तू घरात पडून राहिलेली मला खपत नाही. मिक्सर, इस्त्री, गीझर, सगळं मी उघडून बघते, आणि मागे एकदा याची चकती अडकायला लागली तेव्हा हाही उघडला होता.

कवच उचललं आणि पहिली चूक होता होता राहिली. रिसीव्हर ठेवला की जो खटका दाबला जातो, तो कवच काढल्यावर आपोआप वर येतो. खटका वर म्हणजे फोन उचललेला, म्हणजे लाइन एंगेज. मी आत डोकं घालून बसले असते आणि बाहेर कुणीतरी नंबर लावून ‘बिझी आहे’ म्हणून सोडून दिला असता. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर ओट्यावर होता, तो आणून खटका दाबून बांधून टाकला.

आत बघते तर घंटीच्या दोन पितळी वाट्यांच्या मधे कापसाचा बोळा कोंबलेला.

“हे कुणी केलं?”

अभिनवचा चेहराच सांगत होता. “मी घरून काम करायचो तेव्हा विजयमाला आजी भर मीटिंगमध्ये कॉल करायच्या गं... मी फक्त आवाज कमी केला होता. खालच्या फटीतून ढकललेला.”

“छान. ऑफिस वाचलं म्हणायचं.”

डोळे भरून आले त्याचे. मला त्याची दया यायला हवी होती, पण त्या वेळी माझ्याकडे शिल्लक नव्हती. चिमट्यानं बोळा ओढून काढला. वाट्यांच्या मधली बारकी हातोडी बोटानं हलवली, ट्रिंग झालं. मोकळी होती. “लाव,” मी म्हटलं. त्यानं लावला. हातोडी थरथरलीसुद्धा नाही.

“बंद कर! लगेच बंद कर.” कारण आपण घरचा नंबर लावून बघतो तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला तो लागत नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोनदा लावून झाला होता. त्या दोन्ही वेळा तिकडे कुणी लावत असलं तर? मी ठरवलं, आता पुन्हा तपासायचं नाही. वीज तपासायच्या मीटरवर जे कळेल ते कळेल.

तेवढ्यात यांचा फोन. मंडईत नाहीत, नदीकाठी नाहीत, ओंकारेश्वरापाशी नाहीत. चौकीत आहेत, फोटो द्यायचाय. “तू काय करतेस?”

“फोन दुरुस्त करतेय.”

“श्यामला, माझी आई हरवली आहे.”

“माहीत आहे मला. म्हणूनच करतेय.”

त्यांनी फोन ठेवला. मला राग आला आणि त्या रागानं माझे हात स्थिर झाले.

मीटरच्या दोन वायरी घंटीच्या वेटोळ्याला लावल्या. काटा हलला, वेटोळं शाबूत. मग कंडेन्सर. हा करंगळीएवढा डबा घंटीच्या वाटेवर वॉचमनसारखा बसलेला असतो, घंटीची वीज तेवढी आत सोडतो, बाकीची अडवतो. चांगल्या कंडेन्सरला मीटर लावला की काटा एकदा उसळतो आणि परत येतो. इथं काटा निपचित पडून. वायरी उलट्या करून लावल्या, तरी निपचित. कंडेन्सर गेला होता. आता रविवारी, बाजार बंद असताना, पन्नास वर्षांपूर्वीच्या फोनचा कंडेन्सर मी आणू कुठून?

मी मान मागे टाकून वर बघितलं आणि वर पंखा होता.

“स्टूल आण,” मी अभिनवला म्हटलं. पंख्याच्या वरच्या वाटीत कंडेन्सर असतो. मापानं थोडा मोठा, पण जात तीच. आणि हा पंखा गेल्याच उन्हाळ्यातला, म्हणजे माल ताजा.

“मेन स्विच ऑफ करतो.”

“हात लावू नकोस! मेन बंद केला की इंटरनेटचा डबा बंद, आणि डबा बंद की फोनची लाइन बंद.”

फक्त पंख्याचं बटण बंद केलं. स्टुलावर चढून वाटी खाली ओढली आणि तारांना टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. तरी स्क्रू सोडवताना हात आखडतच होता. घाम डोळ्यात उतरत होता आणि त्या घामावरून मला आईंचा घाम आठवत होता. आता फुटला असेल. आता जीभ जड झाली असेल. कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर बसल्या असतील आणि लोकांना वाटत असेल, म्हातारी दमली, बसली.

खाली अभिनव मेसेज तयार करत होता. आईंचा फोटो, जांभळं लुगडं, उजव्या गालावर तीळ. “मम्मी, कॉन्टॅक्टमध्ये बाबांचा मोबाइल टाकलाय. लँडलाइनपण टाकू? माझ्याकडे नुसता ‘होम’ म्हणून सेव्ह आहे. शेवटचे चार काय?”

तोंडात स्क्रू धरून मी सांगितलं. “एकोणऐंशी एकोणसाठ.”

त्यानं टाइप केलं आणि सगळ्या ग्रुपांवर पाठवून दिलं.

कंडेन्सर हातात आला. त्याच्या दोन तारांना पेचकस टेकवून आतली उरलीसुरली वीज काढून टाकली आणि खाली उतरले. जुन्याच्या जागी नवा, दोन तारा, दोन स्क्रू. तो फोनच्या पोटात मावेना, म्हणून बाहेरच लोंबता ठेवला आणि चिकटपट्टी गुंडाळली. कवच चढवलं, रबर सोडला, रिसीव्हर जागेवर ठेवला.

“एकदा रिंग करून बघू,” अभिनव म्हणाला.

“नाही.”

“पण चालतोय की नाही हे कसं कळणार?”

“वाजला की कळेल.”

मी त्याचा मोबाइलवरचा हात धरून ठेवला होता. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. एरवी रविवारी आमच्या बोळात इतके आवाज असतात, भंगारवाला, कुकर, खालची टीव्हीवरची कीर्तनं. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मधेच यांचा फोन आला, चौकीत तक्रार लिहून घेतली, आता स्वारगेटकडे बघतो. आवाज कोरडा पडला होता. मला वाटलं, मी चुकले. घराबाहेर पडायला हवं होतं. एक माणूस जास्त, दोन डोळे जास्त. मी मात्र पंखा मोडला आणि वाजतो की नाही तेही माहीत नसलेला एक फोन राखत बसले.

काहीतरी करायचं म्हणून मी अभिनवचा मोबाइल घेतला आणि तो मेसेज वाचला. फोटो बरोबर. तीळ बरोबर. यांचा मोबाइल बरोबर. त्याखाली घरचा नंबर, शेवटी ८९६९.

“हा कुणाचा नंबर लिहिलास?”

“आपला. तूच सांगितलास ना.”

“मी काय सांगितलं?”

“एकोणऐंशी. ऐंशी म्हणजे एटी, एकोण म्हणजे नाइन. एटी नाइन.”

“गाढवा, एकोणऐंशी म्हणजे एक कमी ऐंशी! सेव्हन्टी नाइन! आणि एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन!”

“मला कसं कळणार? शाळेत कधी होते हे आकडे?” तोही आता चिडला होता. “आमच्यात कुणालाच येत नाहीत, मम्मी. भाजीवाल्यानं एकोणपन्नास म्हटलं तर आम्ही फोन दाखवतो, यावर टाइप करा म्हणतो.”

आमच्यात कुणालाच येत नाहीत. मी हातातला मोबाइल तसाच धरून उभी राहिले. या घरात वाढलेल्या, रोज तो नंबर कानावर पडलेल्या माझ्या मुलाला येत नाही. मग रस्त्यात आईंना जो कोण माणूस भेटला असेल, तो तरुण असला तर? आईंनी नंबर सांगितला असेल. त्यानं लावलाही असेल. पण चुकीचा. आणि चूक कशी होते ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं.

मी मोबाइलवरून तोच चुकीचा नंबर लावला. आमचे पहिले आकडे आणि शेवटी एकोणनव्वद एकोणसत्तर. बराच वेळ रिंग गेली.

“कोण पाहिजे?” म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, वैतागलेला.

“माफ करा, मी नारायण पेठेतून श्यामला बोलतेय. आज सकाळपासून तुमच्याकडे कुणाचा चुकून फोन आला होता का? एका आजींबद्दल?”

“हा तिसरा फोन,” ते म्हणाले. “एका पोरीचे दोन येऊन गेले. आजी सापडल्यात, घेऊन जा म्हणे. मी म्हटलं, माझी आजी जाऊन पासष्ट वर्षं झाली, तुला कुठं सापडली? दुसऱ्यांदा म्हटलं, बाळ, आधी नंबर लावायला शीक.”

मी जमिनीवरच बसले. आई कुणाला तरी सापडल्या होत्या. जिवंत होत्या. “कुठून बोलत होती? तिचा नंबर दिसला का तुमच्याकडे?”

“दिसायला काय आहे इथं? आमचा फोन साधा आहे. आणि मला एका कानानं ऐकू येत नाही.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या आजी आहेत का त्या?”

“सासूबाई. त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळपासून खाल्लेलं नाही. त्या नंबर बरोबर सांगतायत हो. एकोणऐंशी एकोणसाठ. ती पोरगी एकोणनव्वद एकोणसत्तर लावतेय.”

मग ते म्हणाले, “अरेरे. मी फटकारलं तिला. आता ती पुन्हा कशाला करेल?” आवाजातला सगळा तोरा गेला होता. “बाई, मी नागोराव. मी इथून हलत नाही. आलाच तिचा फोन, तर तिला इंग्रजीत सांगतो. सेव्हन नाइन फाइव्ह नाइन. बरोबर?”

“बरोबर.”

“ठेवा आता. लाइन अडवू नका.”

मी ठेवला. शहरात कुठंतरी एक नागोराव त्यांच्या फोनपाशी बसले होते आणि मी माझ्या. ती मुलगी मधे. तिला दोनदा बोलणी बसलेली. मी तिच्या जागी असते तर तिसऱ्यांदा केला असता का? नसता केला, आणि याची मला लाज वाटली. मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या वेळी तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. अभिनव माझ्या शेजारी येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा खांद्याला चिकटला.

पहिल्यांदा नुसतं टक् झालं. मला वाटलं, मनाचा खेळ. मग पुन्हा टक्, आणि मग अडखळत, घसा बसल्यासारखा, फोन वाजला. ट्रिंग. ट्रिंग.

मी रिसीव्हर ओढला. तोंडातून सवयीनं तेच आलं. “एकोणऐंशी एकोणसाठ.”

“हॅलो? अं, ते अंकल म्हणाले सेव्हन नाइन फाइव्ह नाइन लाव म्हणून... मी शेफाली बोलतेय. मी कधीची फोन लावून राहिले. इथं एक आजी आहेत...”

“जांभळं लुगडं? गालावर तीळ?”

“हो ना! त्यांना लई घाम येऊन राहिला आंटी, आणि थरथरतायत.”

“तुझ्याजवळ गोड काय आहे? काहीही. साखर, बिस्किट, चॉकलेट.”

“मँगो ज्यूस आहे बॅगमध्ये.”

“पाज. आत्ता, बोलत बोलत पाज. सगळा.”

मला ऐकू येत होतं. “आजी, घ्या, हे प्या.” मग आईंचं कुरकुरणं. मग काही नाही. मग शेफालीचा आवाज, “पितायत, आंटी.” माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती मुलगी यवतमाळची, इथं शिकायला आलेली. धायरीत, कालव्याच्या अलीकडे, एका नव्या सोसायटीच्या फाटकापाशी त्या दोघी बसल्या होत्या. जवळ पैसे नसताना आईंना बसमध्ये कुणीतरी बसवून घेतलं असणार. आई तिथं वॉचमनशी भांडत होत्या म्हणे, की आमच्या मळ्याला फाटक कुणी लावलं. वॉचमन बिहारचा, त्याला मळा म्हणजे काय तेच कळेना. संपत फाट्यावर शोधत होता आणि त्या कालव्याशी होत्या. अभिनवनं दुसऱ्या फोनवरून संपतला कळवलं आणि यांनाही. संपत पाच मिनिटांत पोचतो म्हणाला.

“आंटी, पण एक प्रॉब्लेम आहे,” शेफाली हळू आवाजात म्हणाली. “आजी घरी यायला नाही म्हणून राहिल्या. मघाशी मी रिक्षा बोलावली होती, बसल्याच नाहीत. रडल्या.”

“त्यांना दे फोन.”

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला. गेले कित्येक महिने मी ‘आई’ म्हणून हाक मारली की त्या माझ्याकडे परक्यासारखं बघतात. मी काय सांगणार होते, अहो बाई बोलतेय म्हणून? शेवटी मी नंबरच सांगितला. “एकोणऐंशी एकोणसाठ.”

“श्यामला का गं?” आई म्हणाल्या.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“हो आई. मीच.”

“अगं, हायस कुठं तू? किती दिवस झाले, दिसत न्हाईस.” आवाज थकलेला, पण जुना, माझ्या ओळखीचा. धायरीची बोली परत तोंडात आलेली. “माहेरी गेलीस का? मला एकटीला सोडून?”

“इथंच आहे आई. घरी या ना.”

“मी न्हाई येत.” मग आवाज खाली गेला, कुणी ऐकेल अशा भीतीनं. “घरात एक बाई हाय. मला बाहेर जाऊ देत न्हाई. सुया टोचती. इंद्रजीतला सांगितलं, तर तो हसतो. तू असतीस तर तिला दोन शब्द सुनावले असतेस. म्हणून तर मी तुला शोधायला निघाले.”

अभिनव माझ्याकडे बघत होता. त्याला पलीकडचं ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं.

“आई,” मी म्हटलं, “ती बाई गेली.”

“खरं?”

“खरं. मी हाकललं तिला. आता संपत येईल, त्याच्याबरोबर या. मी इथंच आहे.”

“मग येते,” आई म्हणाल्या. “भात टाक. भूक लागलीय.”

दुपारी संपतनं त्यांना धरून वर आणलं. शेफालीही बरोबर आली होती. तिला मी सोडलं नाही, जेवायला बसवली. नागोरावांना अभिनवनं फोन करून सांगितलं. ते फक्त “बरं झालं” म्हणाले आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. हे आले ते सरळ आईंच्या पायाशी बसले आणि मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण त्यांची नजर वर पंख्याच्या लोंबत्या वाटीवर गेली आणि ते नुसतेच मान हलवत राहिले.

आईंनी वरण-भात खाल्ला. खाता खाता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या थबकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. यांच्या कानाशी लागून त्या काहीतरी कुजबुजल्या. मला ऐकायची गरज नव्हती. मी भांडी उचलून आत गेले.

सगळे पांगल्यावर आई फोनशेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि मोबाइलवरून घरचा नंबर लावला. बाहेर तो बसक्या घशाचा फोन वाजला. थोडा वेळ वाजू दिला.

“एकोणऐंशी एकोणसाठ,” आई ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

“आई, मी श्यामला. जेवलात का?”

“जेवले की. तू न्हाई आलीस?”

“येते. जरा काम आहे.”

“बरं.” मग आवाज पुन्हा खाली आला. “ऐक. ती बाई हाय अजून. गेली न्हाई.”

“हो का? त्रास देते का?”

दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती आणि बोटाभोवती गुंडाळलेली फोनची वायर.

“न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “तशी बरी हाय. फोन दुरुस्त केला म्हणे तिनं. डोळे सुजलेत, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत न्हाई. तिला म्हणावं, जेवून घे.”

“सांगते आई.”

मी फोन बंद केला. सकाळचे पोहे कढईत तसेच झाकलेले होते. गार झाले होते. मी ते ताटलीत घेतले आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ले.